चिमूटभर मिरची, घोटभर कॉफी आणि उन्हाचे टक्के

ठेच्यातली मिरची जिभेला झोंबते ती कॅप्सेसिन नावाच्या रेणूमुळे. हेच कॅप्सेसिन शांघायच्या ईस्ट चायना नॉर्मल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी चक्क सोलर सेलमध्ये घातलं. किती? वजनाने हजारात एक भाग. आपण भाजीत हिंग घालतो, तसं नावापुरतं. जानेवारी २०२१मध्ये त्यांनी निकाल जाहीर केला: मिरचीशिवाय १९.१ टक्के, मिरचीसह २१.८८ टक्के.

ऐकायला गंमत वाटते, पण ही गंमत नाही. हा सेल पेरॉव्हस्काइटचा होता. या पदार्थाच्या कार्यक्षमतेचा गेल्या १५-१६ वर्षांचा इतिहास बराचसा असाच आहे: चिमूट, थेंब, शिंतोडा आणि अचूक वेळ. प्रयोगशाळेतल्या हकिगती वाचाव्यात आणि स्वयंपाकघर आठवावं, असं दुसऱ्या कुठल्याच सौर संशोधनात होत नाही.

टक्के म्हणजे कसले टक्के?

भर दुपारी स्वच्छ आकाशातून एक चौरस मीटर जागेवर साधारण १,००० वॅट ऊन पडतं. त्यातल्या २५० वॅटची वीज झाली, तर कार्यक्षमता २५ टक्के. एवढाच हिशेब. पण यातला एकेक टक्का मिळवायला माणसांची वर्षं गेली आहेत. सिलिकॉनचा पहिला कामाचा सोलर सेल अमेरिकेच्या बेल लॅब्जने १९५४च्या एप्रिलमध्ये दाखवला, तो ६ टक्क्यांचा. आज सिलिकॉन २७ टक्क्यांच्या वर पोचलंय, म्हणजे तब्बल ७० वर्षांची चढण. पेरॉव्हस्काइटने २००९ साली ३.८ टक्क्यांपासून सुरुवात केली आणि १५ वर्षांत २६ टक्के ओलांडले.

नाव एका साहेबाचं

१८३९ साली रशियातल्या उरल पर्वतात एक काळसर दगड सापडला. जर्मन खनिजशास्त्रज्ञ गुस्टाव्ह रोझे यांनी तो तपासला आणि खनिजांचे शौकीन असलेले रशियन सरदार लेव्ह पेरॉव्हस्की यांचं नाव त्याला दिलं. तो दगड म्हणजे कॅल्शियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन. सोलर सेलमधल्या पेरॉव्हस्काइटमध्ये या तिन्हीतलं काहीच नसतं! असतं शिसं, असतं आयोडीन आणि सोबत एखादा सेंद्रिय रेणू. मग नाव एक कसं? कारण अणूंची मांडणी एक आहे. चाळीतल्या खोल्यांची बांधणी सारखीच, बिऱ्हाडं वेगळी, तसं.

या बांधणीची आणखी एक नवलाई. आपल्या पायाखाली शेकडो किलोमीटर खोल, पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात जे खनिज सगळ्यात जास्त आहे, त्या ब्रिजमनाइटचीही बांधणी हीच. पृथ्वीवर सर्वाधिक असलेलं खनिज हेच, पण इतकं खोल की माणसाला ते तिथून कधी आणता आलं नाही. १८७९ साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या एका उल्केत त्याचे कण मिळाले, तेव्हा कुठे २०१४ साली त्याचं रीतसर बारसं झालं.

योकोहामातली काही मिनिटं

जपानच्या योकोहामातलं तोइन विद्यापीठ मोठ्या नावाचं नव्हे. तिथे त्सुतोमु मियासाका यांच्या हाताखाली अकिहिरो कोजिमा या तरुणाने पेरॉव्हस्काइटचे कण सोलर सेलमध्ये रंगासारखे वापरून पाहिले. २००९ साली निबंध छापून आला, ३.८ टक्के. जगाने फारशी दखल घेतली नाही आणि त्याला कारणही होतं. त्या सेलमध्ये द्रव भरलेला होता आणि पेरॉव्हस्काइट त्या द्रवात मिठासारखं विरघळायचं. सेलचं आयुष्य मिनिटांत मोजायचं.

तीन वर्षांनी दोन गटांनी तो द्रवच काढून टाकला. दक्षिण कोरियाचे नाम-ग्यु पार्क आणि स्वित्झर्लंडचे मिखाएल ग्रेट्झेल यांनी त्याच्या जागी घन पदार्थ भरला: ९.७ टक्के आणि ५०० तास टिकाव. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या हेन्री स्नेथ यांच्या गटाने मियासाकांच्या साथीने १०.९ टक्के गाठले. इथून जी धावाधाव सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही.

मला या हकिगतीत सगळ्यात जवळचा वाटतो तो कोजिमा. मिनिटांत विरघळणाऱ्या वस्तूवर वर्षानुवर्षं काम करत राहायला वेगळाच पिंड लागतो.

पाक साधला पाहिजे

हा सेल कसा करतात ते जरा जवळून बघू. काचेची पेटी, आत नायट्रोजन, दोन जाड रबरी हातमोजे पेटीच्याच भिंतीला जोडलेले. संशोधक बाहेरून त्यात हात घालतो. आत नखाएवढी काच एका चकतीवर बसवलेली. तिच्यावर पिवळ्या द्रावणाचे थोडे थेंब. चकती फिरू लागते, मिनिटाला चार-पाच हजार फेरे. द्रावण पसरून पातळ होतं. आता नजर हलवायची नाही. काही सेकंदांनी, ठरल्या क्षणी, फिरत्या काचेवर वरून क्लोरोबेन्झिनसारखा दुसरा द्रव एका दमात सोडायचा. तो पहिल्या द्रवाला बाहेर हाकलतो आणि साऱ्या काचेवर एकदम बारीक स्फटिक धरतात. दोन सेकंद आधी सोडला तर थर फसतो, उशिरा सोडला तर ढगाळ दिसतो. मग काच १०० अंशांच्या तव्यावर. फिकट पिवळा थर बघता बघता तपकिरी होतो आणि शेवटी आरशासारखा काळा.

ही युक्ती दक्षिण कोरियाच्या सांग इल सोक यांच्या गटाने २०१४ साली मांडली आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी उचलली. तिच्यात आणखी एक मख्खी आहे. द्रावणात डायमिथाइल सल्फॉक्साइड नावाचा एक द्रव मिसळतात. तो शिसं आणि आयोडीनला धरून ठेवतो, स्फटिक घाईने होऊ देत नाही. साखरेचा पाक साखरू नये म्हणून आपण त्यात लिंबू पिळतो ना, काम थेट तेच. मुरब्बा करणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

आणि आता तुलना पाहा. सिलिकॉन १,४१४ अंशांवर वितळतं. त्याची वडी ओतायला त्याहून तापलेली भट्टी लागते. पेरॉव्हस्काइटला पाणी उकळेल एवढी उष्णता पुरते. सिलिकॉनची चकती साधारण दीडशे मायक्रॉन जाड. पेरॉव्हस्काइटचा थर अर्धा मायक्रॉन. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे शंभराहून जास्त थर मावतील, आणि त्यातला एकेक थर दिसणारा जवळजवळ सगळा उजेड पिऊन टाकतो.

गळक्या घागरीचं गणित

मग मिरचीने नेमकं काय केलं? ऊन पडलं की थरात इलेक्ट्रॉन मोकळे होतात. ते तारेपर्यंत पोचले तर वीज, वाटेत हरवले तर नुसती ऊब. हरवतात कुठे? स्फटिकाच्या कडांवर. दोन कण जिथे भिडतात, तिथे एखाद्या शिशाच्या अणूचा जोडीदार नसतो. तो मोकळा हात जवळून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला पकडतो. कॅप्सेसिनचा रेणू जाऊन तो हात धरतो. बस्स! एवढ्याने जवळजवळ तीन टक्के वाढले.

मला वाटतं, या सगळ्या शर्यतीचं मर्म इथे आहे. या क्षेत्रात टक्के वाढतात ते गळती बुजवल्याने. पदार्थ मुळात इतका गुणी आहे की साध्या द्रावणातून ओतलेला, दोषांनी भरलेला थरसुद्धा बरं काम करतो. सिलिकॉनमध्ये इतके दोष असते तर त्याने हात टेकले असते. म्हणून इथे भोक शोधायचं आणि त्याच्या मापाचा बोळा शोधायचा, हाच उद्योग. बोळे मात्र एकाहून एक अजब.

कॉफी. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात यांग यांग यांचे विद्यार्थी एका सकाळी कॉफी पीत बसले होते. आपल्याला तरतरी यायला कॉफी लागते, मग पेरॉव्हस्काइटला का देऊ नये, अशी थट्टा निघाली. थट्टा तिथेच विरली नाही, हे त्यांचं मोठेपण. कॅफीनच्या रेणूला शिशाचा अणू धरून ठेवणारे दोन हात आहेत, हे त्यांना माहीत होतं. शुद्ध कॅफीन घातलं, तर १७ टक्क्यांचा सेल २० टक्क्यांच्या वर गेला. त्याहून मोठी गोष्ट टिकाऊपणाची. ८५ अंश तापमानात कॅफीनवाल्या सेलने १,३०० तासांनंतरही ८६ टक्के ताकद राखली. साधा सेल १७५ तासांतच ६० टक्क्यांवर आला. हा निबंध एप्रिल २०१९चा.

चहा. त्याच गटाने त्याच वर्षाच्या डिसेंबरात कॅफीनचा सख्खा भाऊ वापरला, थिओफायलिन. हा चहाच्या पानात अंशमात्र असतो आणि दम्याच्या औषधात वापरतात. तो २१ टक्क्यांचा सेल २२.६ टक्क्यांवर घेऊन गेला. कॅफीन आणि थिओफायलिन यांच्यात फरक केवढा? जेमतेम एका मिथाइल गटाचा. तेवढ्याने थिओफायलिनचा एक हात शिशाला आणि दुसरा शेजारच्या आयोडीनला असा बरोबर पोचतो. चहावाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

मुंगी. लाल मुंगी चावली की आग होते, त्यात फॉर्मिक आम्ल असतं. त्याच आम्लातला फॉर्मेट हा भाग पेरॉव्हस्काइटमधल्या रिकाम्या जागांत चपखल बसतो. आयोडीन जिथून निसटलं, तिथे तो जाऊन बसतो. दक्षिण कोरिया आणि स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी २०२१ साली या वाटेने २५.६ टक्के गाठले.

केस. हे वाचून मी दोनदा खात्री केली. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये हाँगशिया वांग आणि प्रशांत सोनार यांच्या गटाने सलूनमध्ये कापून पडलेले केस गोळा केले, त्यांचं विघटन करून २४० अंशांवर भाजले आणि त्यातून कार्बनचे सूक्ष्म ठिपके काढले. ते पेरॉव्हस्काइटच्या कणांभोवती चिलखतासारखे बसले. २०२१ सालची गोष्ट. कार्यक्षमताही वाढली, टिकावही.

कंडक्टरकडे सुटे नाहीत

आता मोठा प्रश्न. गळती पूर्ण बुजवली, तर शंभर टक्के मिळतील का? नाही. १९६१ साली विल्यम शॉक्ली आणि हान्स-योआखिम क्वाइसर यांनी हिशेब मांडून ठेवलाय: एकाच पदार्थाच्या सेलला जास्तीत जास्त एक तृतीयांशाच्या आसपास वीज मिळेल. आजच्या आकडेमोडीने ३३.७ टक्के.

कारण समजायला एसटीत बसू. प्रत्येक पदार्थ म्हणजे एक गाडी आणि तिचं तिकीट ठरलेलं. उजेडाचा प्रत्येक कण खिशात ठरावीक पैसे घेऊन येतो. तांबड्याकडे कमी, निळ्याकडे जास्त. तिकिटापुरते पैसे नसतील, तर कंडक्टर चढू देत नाही, तो उजेड आरपार जातो. आणि कुणी दहाच्या तिकिटाला पन्नासची नोट दिली, तर? सुटे परत नाहीत! वरचे चाळीस रुपये उष्णता होऊन वाया. तिकीट महाग केलं तर प्रवासी कमी, स्वस्त केलं तर सुट्यांचं नुकसान. मधला सोन्याचा बिंदू काढला तरी एक तृतीयांशच हाती लागतं.

उपाय? दोन गाड्या. पुढे महागाची, मागे स्वस्ताची. वर पेरॉव्हस्काइट ठेवायचं, ते निळ्या-हिरव्या श्रीमंत कणांना पुऱ्या किमतीत घेतं. त्यातून निसटलेले तांबडे आणि त्यापलीकडचे कण खालच्या सिलिकॉनमध्ये बसतात. याला टँडेम सेल म्हणतात. पेरॉव्हस्काइट इथे फार सोयीचं पडतं, कारण त्याचं तिकीट हवं तसं बदलता येतं. आयोडीन घातलं तर ते काळं होतं, ब्रोमीन घातलं तर नारिंगी, क्लोरीन घातलं तर काचेसारखं बिनरंगी. तिन्हींचं प्रमाण बदललं की भाडं बदललं.

टँडेमची चढाओढ क्रिकेटच्या धावफलकासारखी वाचावी. २०२०, बर्लिनचं हेल्महोल्ट्झ केंद्र: २९.१५. २०२२चा जुलै, स्वित्झर्लंड: ३१.२५, तिशी पार. त्याच डिसेंबरात पुन्हा बर्लिन: ३२.५. २०२३, सौदी अरेबियाचं किंग अब्दुल्ला विद्यापीठ: ३३.७. त्याच नोव्हेंबरात चीनची लाँगी कंपनी: ३३.९. आणि एप्रिल २०२५मध्ये पुन्हा लाँगी: ३४.८५. म्हणजे शॉक्ली-क्वाइसरची एका पदार्थाची वेस मागे पडली.

मात्र एक लक्षात ठेवायचं. असे विक्रम नखाएवढ्या तुकड्यावर होतात. छपरावर चढवायच्या पॅनलमध्ये टक्के उतरतात. ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने जर्मनीतल्या ब्रँडेनबुर्गच्या कारखान्यातून सप्टेंबर २०२४मध्ये टँडेम पॅनलांचा पहिला विक्रीचा माल अमेरिकेला धाडला, तो २४.५ टक्क्यांचा. तरीही मला हा आकडा नखावरच्या ३४ पेक्षा मोलाचा वाटतो. तो प्रयोगशाळेबाहेर पडला.

कोल्हापूर ते ग्वांगजू

सेंद्रिय रेणू घातला की सेल उष्णतेला नाजूक होतो. तो काढून टाकून त्या जागी सीझियमचा अणू बसवला, तर उष्णता सोसते. पण नवी पंचाईत उभी राहते. सीझियमचा अणू त्या खोलीला जरा लहान पडतो. सैल बसलेली मांडणी खोलीच्या तापमानाला ढासळते आणि काळा थर पिवळा पडतो. काळा तो कामाचा, पिवळा तो वाया.

शिवाजी विद्यापीठातून पीएचडी करून दक्षिण कोरियात गेलेले सावंता माळी या पिवळेपणाशी झुंजत आले आहेत. ग्वांगजूच्या चोन्नाम विद्यापीठात ज्योती पाटील आणि चांग कुक होंग यांच्यासोबत त्यांनी एक नामी तोड काढली. एकाच पदार्थाचे, सीझियम-शिसं-आयोडीनचे, दोन वेगळ्या घडीचे थर एकावर एक चढवायचे. खालचा थर गरम हवेच्या झोताने वाळवलेला, वरचा निर्वात पात्रात वाफेतून बसवलेला. दोन्ही एकमेकांना आवरून धरतात. निव्वळ असेंद्रिय सेलने २१.५ टक्के ओलांडले आणि २०२३ साली 'नेचर एनर्जी'त ते छापून आलं. कोल्हापूरच्या प्रयोगशाळांत पातळ थरांची जी परंपरा आहे, तिचं हे फळ दूर देशी पिकलं, याचा मला अभिमान वाटतो आणि तो लपवावासा वाटत नाही.

इकडे पवईत, आयआयटी मुंबईच्या राष्ट्रीय सौर संशोधन केंद्रात दिनेश काब्रा यांच्या गटाने २०२३ साली टँडेम सेल २६ टक्क्यांच्या वर नेला. त्यांची पद्धत चार तारांची. वरच्या पेरॉव्हस्काइटचा आणि खालच्या सिलिकॉनचा विजेचा हिशेब वेगळा ठेवायचा, म्हणजे एकाची मात्रा कमी पडली तरी दुसऱ्याला रडावं लागत नाही. एकत्र कुटुंब, पण चुली दोन.

उजेडात भांडण, अंधारात समेट

आयोडीन आणि ब्रोमीन मिसळून केलेल्या थरावर जोरदार उजेड पडला, की आत एक विचित्र प्रकार होतो. आयोडीनवाले एका बाजूला जमतात, ब्रोमीनवाले दुसऱ्या. कार्यक्षमता घसरते. उजेड काढून घेतला की सगळे पुन्हा मिसळतात, जणू काही घडलंच नाही. २०१५ साली अमेरिकेत एरिक होक यांनी हे मांडलं आणि त्यांच्या नावाने ते ओळखलं जातं. सूर्यावर चालणाऱ्या वस्तूला उजेडाचंच वावडं, याहून पेचाचं काय असणार?

याला चिकटूनच दुसरी गोष्ट. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं, की दिवसभर काम करून ढेपाळलेले काही सेल रात्रभर अंधारात ठेवले की सावरतात. आतले भरकटलेले आयन आपापल्या जागी परततात. त्यामुळे सतत उजेडात ठेवून घेतलेली चाचणी खऱ्या छपराचं पूर्ण चित्र देत नाही. दिवस-रात्र दोन्ही मोजायला हवेत.

चांगला सेल, चांगला दिवा

पेरॉव्हस्काइटला वीज दिली तर ते झगझगीत उजेड देतं. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं, की थरात आत निघालेला उजेड पुन्हा आतच शोषला जातो, पुन्हा बाहेर टाकला जातो, पुन्हा शोषला जातो. कण वाया जायच्या आधी त्याला अनेक संधी मिळतात. म्हणून जो सेल उत्तम चमकतो, तोच उत्तम वीज देतो. संशोधक थराचा दर्जा तपासायला त्याच्या चमकेकडेच बघतात.

हलकेपणाची कमाल

ऑस्ट्रियातल्या लिंझ विद्यापीठाने २०२४ साली अडीच मायक्रॉन जाडीचे सेल केले. एका ग्रॅमला ४४ वॅट. असे २४ सेल तळहाताएवढ्या ड्रोनवर बसवले आणि ड्रोन उन्हावर स्वतःची बॅटरी भरू लागला.

त्याआधी, जून २०१९मध्ये म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने स्वीडनमधल्या किरुना इथून रॉकेटवर पेरॉव्हस्काइटचे सेल पाठवले. सुमारे २४० किलोमीटर वर. सूर्य पाठीशी गेला, तेव्हाही पृथ्वीवरून उसळून आलेल्या मंद उजेडावर त्यांनी वीज दिली. अवकाशात ना दमट हवा ना पाऊस. या सेलला तिथे माहेरी आल्यासारखं वाटलं असेल.

शिशाचं काय?

हा प्रश्न विचारलाच पाहिजे. शिसं विषारी आहे आणि यातली शिशाची संयुगं पाण्यात उतरतात. प्रमाण थोडं असतं, थर इतका पातळ की एका चौरस मीटरला ग्रॅमहून कमी. पण थोडं म्हणजे शून्य नव्हे. फुटलेल्या पॅनलमधून शिसं विहिरीत जाता कामा नये. त्यासाठी शिसं धरून ठेवणारे पापुद्रे पॅनलला दोन्ही बाजूंनी लावायचं काम सुरू आहे. शिशाच्या जागी कथील घालूनही पाहतात, पण ते हवेत लवकर बिघडतं आणि टक्के कमी देतं.

एमआयटीच्या संशोधकांनी २०१४ साली एक सुरेख वाट सुचवली. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं काढून त्याचं पेरॉव्हस्काइट करायचं. सेल नव्या शिशाच्या सेलइतकाच चालला. एका बॅटरीतल्या शिशात तीस घरांना पुरतील एवढी पॅनल होतात, असा त्यांचा हिशेब. भंगारवाल्याच्या दुकानासमोर काळवंडलेल्या बॅटऱ्यांची रास दिसली की मला आता हा आकडा आठवतो.

खरी परीक्षा: दोनदा ८५

सिलिकॉनचं पॅनल विकताना २५ वर्षांची हमी देतात. त्याआधी ते एका छळछावणीतून जातं. ८५ अंश तापमान, ८५ टक्के दमटपणा, सलग १,००० तास. म्हणजे जवळजवळ ४२ दिवस. शिवाय उणे ४० ते ८५ अंशांच्या २०० फेऱ्या वेगळ्या.

ज्याने मृग ते हस्त असा कोकणातला पावसाळा काढलाय, कपाटातल्या चपलांवर बुरशी आणि भिंतीला ओल पाहिलीये, त्याला ही परीक्षा वेगळी समजावायला नको. पेरॉव्हस्काइटचा थर पाण्याच्या वाफेला फार भितो. वाफ आत शिरली की काळा थर पिवळा पडतो, मागे उरतं शिसं आणि आयोडीनचं पिवळं संयुग, जिथून सगळं सुरू झालं तेच. म्हणून काचेच्या दोन पत्र्यांमध्ये सेल बंद करून कडेला ब्यूटाइल रबराची पट्टी भरतात. माझं मत विचाराल तर विक्रमाच्या प्रत्येक टक्क्याशेजारी तो किती तास टिकला हा आकडा त्याच आकाराच्या अक्षरांत छापला पाहिजे. ३४ टक्के आणि तीन महिने, यापेक्षा २४ टक्के आणि पंचवीस वर्षं माझ्या छपरावर आनंदाने चढवीन.

आणि छपराचंच म्हणाल, तर काचेचं पॅनल बहुतेक वीस किलोच्या वर भरतं. जुन्या सिमेंटच्या पत्र्याला ते पेलत नाही. जपानला ही अडचण फार आधी भेडसावली: सपाट जमीन थोडी, छपरं कमकुवत. त्यांच्याकडे आयोडीन मात्र मुबलक. जगात चिलीच्या खालोखाल जपानचा नंबर, त्यातलं बरंचसं टोकियोशेजारच्या चिबा प्रांतात जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून निघतं. म्हणून ते काच सोडून प्लॅस्टिकच्या फिल्मकडे वळले. वाकवता येईल अशी, गुंडाळता येईल अशी.

२०२५च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात पश्चिम दाराजवळच्या बस थांब्याचं छप्पर वळणदार होतं. त्या वळणावर सेकिसुई केमिकल कंपनीची पेरॉव्हस्काइट फिल्म चढवली, २५० मीटर लांब. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जपानचा पावसाळा आणि वादळांचे महिने धरून, खालून बसगाड्या ये-जा करत राहिल्या. अंधार पडला की थांब्यावरचे दिवे लागायचे, छपराने दिवसा बॅटरीत भरून ठेवलेल्या विजेवर.